अनुमोदन

सभेत उठून अनुमोदन देण्याचे काम मी इतक्या वेळा केले आहे, की एखाद्या रात्री मी झोपेतही कुणाला तरी अनुमोदन देईन, असे आमच्या घरी म्हणतात. गणेशोत्सव असो, पतपेढी असो की वाचनालय असो. पदाधिकारी निवडायची वेळ आली की सूचक म्हणून आमचे वकीलसाहेब उठतात आणि अनुमोदक म्हणून मी. "माझे अनुमोदन आहे" या तीन शब्दांना अक्कल लागत नाही. शाळामास्तराचा खणखणीत आवाज तेवढा लागतो.

पण यामागे शास्त्र मोठे गमतीचे आहे. अध्यक्षावाचून सभा चालत नाही आणि सभा चालल्यावाचून अध्यक्ष निवडता येत नाही! या पेचातून सुटण्यासाठी हंगामी अध्यक्ष बसवतात. हा मान एकदा थेट आमच्या मुलखाकडे चालून आला होता. २००९ साली पंधरावी लोकसभा भरली, तेव्हा आमच्या नंदुरबारचे खासदार माणिकराव गावित हंगामी अध्यक्ष झाले. सलग नऊ वेळा निवडून आलेला माणूस! त्यांना नेमणाऱ्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, म्हणजे त्याही खानदेशच्याच. ३ जूनला मीरा कुमार यांची बिनविरोध निवड झाली आणि माणिकरावांनी ती खुर्ची त्यांच्या स्वाधीन केली.

नेहमी असे बिनविरोध होतेच असे नाही. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेत दादासाहेब मावळणकरांविरुद्ध शंकरराव मोरे यांचे नाव आले होते. दोघेही मराठी बोलणारे! मावळणकरांच्या बाजूने ३९४ मते पडली, विरुद्ध ५५. लोकसभेचा नियम असा, की आधी मांडलेले नाव आधी मताला टाकायचे. ते मंजूर झाले की पुढच्या नावांना कुणी विचारीत नाही. दुसरा नियम, उमेदवाराची संमती आधी लेखी हवी. आणि तिसरा, स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही आणि स्वतःच्या नावाला अनुमोदनही देता येत नाही.

हा तिसरा नियम मला तोंडपाठ होता. तिथेच घात झाला.

गेल्या वर्षी आमच्या छोट्या वाचनमंडळाची वार्षिक सभा होती. कार्यवाह निवडायचा होता. वकीलसाहेबांनी ठरल्याप्रमाणे एका व्यापारी स्नेह्यांचे नाव सुचवले. गृहस्थ भले, पण वाचनालयाची पायरी ते दसऱ्याला चढतात ती पुढच्या दसऱ्यालाच. मी अनुमोदनासाठी घसा साफ करतो आहे, तोच मागच्या सतरंजीवरून एक तरुण उठला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून शिकायला आलेला. माझाच जुना विद्यार्थी. रोज संध्याकाळी कुलूप उघडणारा, फाटकी पुस्तके खळ लावून चिकटवणारा. तो म्हणाला, "मी माझे नाव सुचवतो."

लोक हसले. आणि मी, कुणी न विचारता, म्हणालो, "अरे, स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही."

वास्तविक तो नियम लोकसभेचा. आमच्या मंडळाच्या घटनेत तो आहे की नाही, हे मी कधी उघडून पाहिले नव्हते. पण मास्तर बोलले म्हणजे झाले! तो क्षणभर उभा राहिला. इकडेतिकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्याला एक सूचक हवा होता, आणि सूचक त्याच्या समोरच बसला होता. मला हे कळले नाही असे मी म्हणणार नाही. कळले होते. पण वकीलसाहेबांना शब्द दिला होता, आणि वीस वर्षांची सवय होती. मी म्हणालो, "माझे अनुमोदन आहे." टाळ्या झाल्या, चहा आला. 'एकमताने' असा शब्द इतिवृत्तात पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम उशिरा गेलो. दार उघडे होते, वर्तमानपत्रे नीट लावलेली. तो म्हणाला, "सर, तुम्ही मागितलेले पुस्तक परत आले आहे. काढून ठेवले आहे." कालच्या सभेबद्दल अक्षर नाही. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

यंदाची सभा दिवाळीनंतर आहे. मंडळाची घटना मी कपाटातून काढून वाचली. स्वतःचे नाव सुचवू नये, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मी तुझे नाव सुचवणार आहे. तुझी संमती हवी."

त्याने हातातल्या पुस्तकावरची खळ पुसली. म्हणाला, "सर, विचार करून सांगतो."

वकीलसाहेबांना मी अजून काही बोललेलो नाही. पाडव्याला फराळाला बोलावले आहे, तेव्हा सांगेन.