लोसच्या बांधावरून

भिंतीवरचं नाव सापडायला मला पाऊण तास लागला. फ्रान्समधल्या लोसच्या, पहिल्या महायुद्धातल्या दफनभूमीला दोन्ही बाजूंनी पंधरा फूट उंच भिंती आहेत आणि त्यांच्यावर वीस हजारांहून जास्त नावं कोरली आहेत. आधी रेजिमेंट, तिच्याखाली हुद्दा, मग आडनाव. मी ब्लॅक वॉच, सीफोर्थ, कॅमरन, गॉर्डन अशा स्कॉटिश रेजिमेंटांच्याच शिळांपुढे फिरत राहिले. तो सफोक रेजिमेंटमध्ये होता, म्हणजे इंग्लंडच्या पलटणीत, हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत होतं. पण ॲबर्डीनमध्ये जन्मलेलं पोर आपल्या माणसांतच असणार, असं मन धरून बसलं होतं. शेवटी सफोकची शिळा आली. कॅप्टनांच्या यादीत आडनाव आणि दोन आद्याक्षरं : सॉर्ली, सी. एच. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

चार्ल्स हॅमिल्टन सॉर्ली, कवी. जन्म १९ मे १८९५, जुन्या ॲबर्डीनमध्ये. मृत्यू १३ ऑक्टोबर १९१५. वय वीस वर्षं आणि काही महिने.

मी पुण्यात जर्मन शिकवत आले. शिष्यवृत्तीवर येनाला गेले होते तेव्हा तिथल्या वाचनालयात त्याच्या पत्रांचं पुस्तक हाती लागलं. हातात घेतलं ते केवळ ‘येना’ हा शब्द दिसला म्हणून. १९१४ च्या वसंतात हा मुलगा त्याच गावात राहत होता, त्याच ‘झाले’ नदीकाठी फिरत होता, त्याच विद्यापीठात तत्त्वज्ञानाची आणि अर्थशास्त्राची व्याख्यानं ऐकत होता. वडील विल्यम रिची सॉर्ली तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. चार्ल्स पाच वर्षांचा असताना त्यांना केंब्रिजला नेमणूक मिळाली आणि घर इंग्लंडला हललं. मार्लबरोच्या शाळेत असताना उघड्या माळांवर पावसात धावत सुटणं हा त्याचा आवडता छंद. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळाली होती, पण जाण्याआधी काही महिने जर्मनीत राहून भाषा शिकावी असं ठरलं. आधी उत्तरेकडे श्वेरीनला एका कुटुंबात, मग येनाला.

मी त्या वेळी नेमकं तेच करत होते. परक्या घरात, परक्या जेवणावर, तोंडात अर्धवट वाक्यं घोळवत. त्यामुळे त्याची पत्रं मला बरोबरच्या विद्यार्थ्याने लिहावीत तशी वाटली. श्वेरीनमध्ये एके दिवशी सैनिक गात जाताना त्याने ऐकले. त्या गाण्याच्या लाटेत आपण जर्मन आहोत असं त्याला वाटलं, या देशासाठी मरताही येईल असं वाटलं, आणि इंग्लंडबद्दल असं कधी वाटलं नव्हतं, हेही त्याने घरी कळवून टाकलं. फेब्रुवारी १९१४. पुढच्या सहा महिन्यांत काय होणार, हे वाचताना आपल्याला माहीत असतं, त्याला नाही. मी तिथे पुस्तक मिटून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले होते.

जुलैअखेरीस तो एका मित्राबरोबर मोझेल नदीच्या खोऱ्यात पायी भटकत होता. युद्ध जाहीर होत होतं. ट्रिअरला दोघांना पकडून काही तास कोठडीत ठेवलं, मग देश सोडून जायला सांगितलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो इंग्लंडला पोचला आणि लगेच सैन्यात अधिकारी म्हणून भरतीचा अर्ज केला.

याचा मला फार राग आला होता, हे सांगायला हवं. वर्षानुवर्षं मी वर्गात सांगत आले होते की दुसऱ्याची भाषा आली की तो माणूस परका राहत नाही. आणि इथे एक मुलगा, भाषा आलेला, त्या लोकांच्या घरात जेवलेला, त्यांच्या गाण्याने अंगावर काटा आलेला, परतल्या पावली बंदूक घ्यायला निघतो. मग आपण शिकवतो ते काय?

पत्रं पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की तो कुठल्याही उन्मादात गेला नव्हता. हे दोन बहिणींमधलं भांडण आहे, असं त्याने लिहिलं. बायबलमधल्या मार्था आणि मेरीचा दाखला दिला. एक कामसू आणि असहिष्णू, दुसरी ढिली पण समजूतदार. जर्मनीला उद्देशून सुनीत लिहिलं, त्यात दोघांनाही आंधळं म्हटलं. रूपर्ट ब्रूक हा कवी एप्रिल १९१५ मध्ये वारला आणि सारा देश त्याची युद्धसुनीतं डोळ्यांत पाणी आणून वाचत होता, तेव्हा एकोणीस वर्षांच्या सॉर्लीने स्पष्ट लिहिलं की हा माणूस स्वतःच्या त्यागाच्याच प्रेमात पडलाय. त्याला सैन्यात जाणं भाग वाटलं, कारण त्याच्या वयाचे सगळेच जात होते. मोठा शब्द मात्र त्याने एकही वापरला नाही. आज मला वाटतं, गेला म्हणून रागवायचं असेल तर रागवावं, पण द्वेष न करता तिथे उभं राहणं किती जड गेलं असेल ते आधी पाहावं.

त्याच येनात तेव्हा रुडॉल्फ ऑयकेन शिकवत होते, १९०८ चं साहित्याचं नोबेल मिळालेले तत्त्वज्ञ. ऑक्टोबर १९१४ मध्ये ९३ जर्मन विद्वानांनी युद्धाचं समर्थन करणारं पत्रक काढलं, त्यावर त्यांचीही सही आहे. दोन्ही बाजूंचा आंधळेपणा पाहणं एवढ्या मोठ्या माणसाला जमलं नाही, ते त्या पोराने केलं.

मे १९१५ च्या अखेरीस सफोकच्या सातव्या बटालियनबरोबर तो फ्रान्सला आला. ऑगस्टमध्ये, विसाव्या वर्षी, कॅप्टन झाला. आईने कवितांचं छोटं पुस्तक काढायचं सुचवलं होतं. त्याने इतक्यात नको म्हणून कळवलं.

लोसची लढाई २५ सप्टेंबर १९१५ ला सुरू झाली. ब्रिटिशांनी पहिल्यांदाच विषारी वायू सोडला, क्लोरीन, आणि काही ठिकाणी वारा फिरल्यामुळे तो त्यांच्याच खंदकांत आला. नवव्या आणि पंधराव्या या दोन स्कॉटिश डिव्हिजन पहिल्या हल्ल्यात होत्या. डॅनियल लेडलॉ नावाचा पायपर खंदकाच्या काठावर चढून वायूच्या धुरात बॅगपाइप वाजवत राहिला, ते त्याच सकाळी. स्मारक आज जिथे आहे त्याच्या आसपासचा जर्मन मोर्चा पंधराव्या डिव्हिजनने घेतला होता. स्कॉटलंडमधल्या किती गावांत, किती घरांत त्यानंतर मृत्यूचे निरोप गेले असतील. सॉर्लीची बटालियन नंतर आली. १३ ऑक्टोबरला हुलुक गावाजवळच्या हल्ल्यात लपलेल्या नेमबाजाची गोळी त्याच्या डोक्यात लागली.

देह सापडला नाही. सामान घरी आलं. त्या सामानात शेवटचं सुनीत निघालं, मेलेल्यांविषयीचं, त्यांच्यासाठी गोड बोलू नका असं सांगणारं. जानेवारी १९१६ मध्ये कविता छापल्या गेल्या. रॉबर्ट ग्रेव्हजने पुढे त्याला त्या युद्धात गेलेल्या तीन महत्त्वाच्या कवींत गणलं. बाकीचे दोघे विल्फ्रेड ओवेन आणि आयझॅक रोझेनबर्ग.

मला सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो आईवडिलांचा. पत्रं त्यांनी १९१९ मध्ये छापली. युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते, रस्त्यात जर्मन शब्द उच्चारणंही गुन्हा वाटावा असे दिवस. श्वेरीनच्या सैनिकांचं पत्र सहज गाळता आलं असतं. कोणी विचारलंही नसतं. त्यांनी ते ठेवलं. मुलगा होता तसा लोकांपुढे ठेवला.

स्मारकावर मी एकटीच होते. कबरीच्या पांढऱ्या शिळांमधून माळ्याने नुकतीच कात्री फिरवली असावी. गवताचा ओला वास येत होता. या जागेचं नाव डड कॉर्नर, कारण युद्धानंतर इथे न फुटलेले गोळे खच पडल्यासारखे सापडले. समोर लॉन्सहून बेट्यूनला जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक धडधडत होते आणि क्षितिजावर कोळशाच्या खाणींच्या राडारोड्याचे दोन काळे सुळके. आदल्या दिवशी मी नव्ह शापेलला जाऊन आले होते. तिथल्या गोल भिंतीवर ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची नावं आहेत. खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला त्या गावात घुसल्या आणि त्यांचं अतोनात नुकसान झालं. खडकीच्या त्या केंद्रावरून मी बसने वर्षानुवर्षं गेले आहे. दोन्ही स्मारकांचा वास्तुकार एकच, हर्बर्ट बेकर, दिल्लीचं सचिवालय बांधणारा.

माझा काका १९६२ च्या चीन युद्धात नेफात गेला. त्याचाही देह आला नाही, आली ती नुसती तार. शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला, घातचतुर्दशीला घालतात, म्हणून आमच्या घरी त्या दिवशी त्याचं पान मांडलं जाई. आजी स्वतः वाढायची. तिथीचा घोळ नको, ही सोय शास्त्राने आमच्यासारख्यांसाठीच केली असावी, असं ती म्हणायची. पण देह कुठे आहे ते ठाऊक नसल्याचा तिचा सल काही गेला नाही. ‘कुठंतरी झोपलाय,’ एवढंच म्हणायची.

भिंतीसमोर मला आजीचं ते पान आठवलं. मी पिशवीतून पत्रांचं पुस्तक काढलं आणि श्वेरीनचं ते पत्र हळू आवाजात वाचलं. मग त्यातलं एक वाक्य माझ्या जर्मनमध्ये करून म्हटलं. त्याच्या त्या भाषेत कोणी तरी त्याच्याशी बोलावं, असं वाटलं.

परतताना हुलुकच्या बाजूला गेले. टॅक्सीवाला गाडीत पेपर वाचत थांबला. दोन्ही बाजूंना बीटाची शेतं, चिकट करडी माती, मधून चाकोऱ्या. एका शेताच्या कडेला सिमेंटच्या खांबाशी दोन गंजलेले तोफगोळे ठेवलेले दिसले. नांगराला लागले की शेतकरी ते असे कडेला ठेवतात, मग सरकारी पथक येऊन उचलून नेतं. शंभर वर्षांनंतरही ती माती ते बाहेर टाकतेच आहे.

पलीकडच्या वाटेवर जायचं होतं. शेत तिरकं कापलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. पीक निघालेलं होतं, कुणाचं काही बिघडलं नसतं. मी चाकोरीत पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. लहानपणी अंथरुणावरून उडी मारून गेलं की आजी हाक मारून परत फिरवायची. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये.

बांधावरून वळसा घालून गेले. बुटांना माती लागून ते जड झाले होते. टॅक्सीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, पण काही बोलला नाही.