शून्य कोण लिहितं?

मानवत तालुक्यातल्या कापसाच्या शेतात माझ्या भाच्यानं रास्पबेरी पाय ४ बसवला. ठिबकच्या पाइपमधून किती पाणी गेलं, ते मीटरच्या पल्सवरून मोजायचं. ड्रायव्हर कुणीतरी लिहिलेला, आयता मिळालेला. मोजणी मात्र मधूनच शून्यावर यायची.

बोर्ड घेऊन तो परभणीला माझ्याकडे आला. ड्रायव्हरमध्ये जागोजागी संदेश छापून झाले होते. आकडा शून्य झाला एवढं त्यातून कळे. कुणी केला ते कळेना.

"मामा, या आकड्याला हात लावणारी प्रत्येक ओळ वाचली. सगळं बरोबर आहे."

खरंच बरोबर होतं. म्हणजे ज्याचा या आकड्याशी संबंध नाही, असा कोड तिथं लिहीत होता. नेहमीचा ब्रेकपॉइंट अशा वेळी उपयोगाचा नाही. तो प्रोग्रामची एखादी सूचना बदलून तिथं थांबा घालतो. इथं राखण हवी होती मेमरीतल्या एका जागेची. ते काम प्रोसेसरच करू शकतो. इंटेलच्या १९८५ च्या ८०३८६ पासून त्यासाठी चार पत्ते ठेवणारी रजिस्टरं आहेत. पाचवा पत्ता मागितला की लिनक्स जागा नाही म्हणून सरळ नकार देतो. भाच्याच्या बोर्डावरचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होतानाच सांगतो: ६ ब्रेकपॉइंट, ४ वॉचपॉइंट, म्हणजे मेमरीवरचे पहारे.

अशा पहाऱ्यांसाठी सगळ्यांना एकच दार लिनक्समध्ये आलं ते फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ आवृत्तीत. अ‍ॅलन स्टर्न यांचं २००७ चं काम आयबीएमचे के. प्रसाद यांनी पुढे नेलं आणि फ्रेडरिक वाइसबेकर यांनी ते पर्फ या लिनक्सच्या नोंदी घेणाऱ्या साधनाशी जोडलं. असा पहारा बसवणारं प्रसाद यांचं एक छोटं नमुना मॉड्यूल कर्नलच्या सोर्ससोबतच येतं. भाच्यानं तेच घेतलं. माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर ते चोख चाललं: किंमत बदलली, एक संदेश आला. पायवर तोच संदेश अखंड धावू लागला आणि बोर्ड गोठला.

कारण चिपच्या स्वभावात आहे. इंटेल मेमरीत लिहून झाल्यावर खबर देतं, पायवरची आर्म चिप लिहिण्याआधी. खबर ऐकून परत गेलं की तीच सूचना पुन्हा चालते आणि पुन्हा खबर येते. तेव्हा पहारा क्षणभर उठवायचा, एकच सूचना पुढे जाऊ द्यायची, मग तो परत बसवायचा. ६४ बिट आर्मवर कर्नल हे स्वतः करतो, पण खबर घेणारं फंक्शन त्याचं नेहमीचं असेल तरच. मॉड्यूलनं आपलं दिलं की तो मध्ये पडत नाही. पॉवरपीसी चिपांचंही हार्डवेअर आधीच खबर देतं, पण तिथल्या भागात प्रसाद यांनी ती सूचना पार पाडून मगच फंक्शनला हाक मारली. वापरणाऱ्याला फरक जाणवतच नाही. मला ही कारागिरी फार मोलाची वाटते.

आम्ही मॉड्यूल बाजूला ठेवलं आणि पर्फला त्या पत्त्यावर लिहिणाऱ्यांची नोंद घ्यायला सांगितलं. तिथं नेहमीचंच फंक्शन असतं, त्यामुळे बोर्ड गोठला नाही. नोंदीत नाव निघालं जुन्या रीडिंगची यादी पुसणाऱ्या फंक्शनचं. ते यादीच्या टोकापुढे चार बाइट जास्त पुसत होतं आणि शेजारीच आपली मोजणी होती. दुरुस्ती एका ओळीची.

भाच्याचा पुढचा प्रश्न आपल्या देशी चिपांचा होता. सी-डॅकचा वेगा आणि आयआयटी मद्रासचा शक्ती, दोन्ही रिस्क-फाइव्हवर बेतलेले. त्या रचनेत पहाऱ्याची रजिस्टरं कर्नलच्या हातात थेट येत नाहीत. ती सर्वांत वरच्या अधिकारपातळीवर असतात. म्हणून कर्नलला ती फर्मवेअरकडे मागावी लागतात. आता तो तेच वाचतोय.