टाक्यांची वेबसाइट आणि माझी नोकरी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

पहाटेपासून पाऊस. जुन्नरला जायचा बेत रद्द केला आणि दिवसभर वेबसाइटची सूची लावत बसले. गडकिल्ल्यांवरच्या आणि लेण्यांजवळच्या खोदीव टाक्यांची ही नोंद आता एवढी वाढली आहे की नीट सूचीशिवाय कुणाला काही सापडायचं नाही.

कॉम्प्युटर आपणहून जो क्रम लावतो तो मराठी नसतो. युनिकोडमध्ये 'ळ' बसवलाय 'ल'च्या लगेच पुढे. आपल्या शब्दकोशात तो 'ह'नंतर येतो, मग क्ष, ज्ञ. 'काळा' आणि 'कासव' हे दोन शब्द घेतले तर कॉम्प्युटर 'काळा' आधी ठेवतो, मराठी वाचक 'कासव' आधी शोधतो. मराठी क्रमाची सोय आहे, पण ती मुद्दाम सांगून चालू करावी लागते. ती कुठे आणि कशी सांगायची हे आज नीट समजून घेतलं.

नोकरीत मी टेस्टर आहे. ॲपचा एक तुकडा हातात येतो, तो तपासायचा आणि पुढे सरकवायचा. तो तुकडा कुणी मागितला, कशासाठी मागितला, वापरणाऱ्याच्या हातात गेल्यावर त्याचं काय झालं, यातलं फारसं काही माझ्यापर्यंत येत नाही. वेबसाइटचं मात्र मोजमापापासून मजकुरापर्यंत सगळं माझंच, आणि पान उघडलं नाही तर ते निस्तरायचंही मीच. एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं उभं राहतं हे मी नोकरीत नाही शिकले, इथे शिकले.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज ऑफिसात नव्या प्रकल्पाची बैठक झाली. एक अर्ज मराठीत आणायचा आहे. डिझाइन पडद्यावर आलं आणि पहिल्याच पानावर शीर्षकाची शिरोरेघ जागोजागी तुटलेली दिसली. रोमन अक्षरांमध्ये थोडं जास्तीचं अंतर सोडलं की ती देखणी दिसतात. देवनागरीत तेच अंतर शिरोरेघेला खाचा पाडतं. ओळींमधली जागाही इंग्रजीच्या मापाने ठेवलेली, त्यामुळे वरचे रफार आणि खालचे उकार कापले गेले होते. माझ्या वेबसाइटवर याच दोन गोष्टींशी मी पूर्वी झटले होते. दोन्ही दुरुस्त्या जागच्या जागी सांगता आल्या.

मग नावाचा रकाना आला. मर्यादा ३० बाइटची. 'ज्ञानेश्वरी' हे नाव टाकून बघा म्हटलं. वाचणाऱ्याला त्यात ४ अक्षरं दिसतात. आत मात्र जोडाक्षरांचे हलन्त, काने, मात्रा सगळं सुटं मोजून ११ चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ३३. शेवटची वेलांटी कापली गेली आणि पडद्यावर उरलं 'ज्ञानेश्वर'. एका बाईचं नाव पुरुषाचं झालं, आणि कुठेही चूक म्हणून दाखवलं गेलं नाही! खोली दोन क्षण गप्प होती. एसएमएसचंही सांगून टाकलं: इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत एका संदेशाला ७०, म्हणजे आहे तो मजकूर भाषांतर करून पाठवला तर खर्च दुपटीच्या वर जाऊ शकतो.

मॅनेजरनी विचारलं, "हे कुठल्या कोर्सला शिकवतात?"

टाक्यांची वेबसाइट दाखवली. या प्रकल्पातलं मराठीचं सगळं काम आता माझ्याकडे आलं आहे. पगारवाढीच्या वेळी याचं काय होईल ते होवो. आवडीचं काम कामाच्या वेळेत करायला मिळणं ही मला मोठी मिळकत वाटते.

२१ सप्टेंबर, रविवार

शेजारचे काका म्हणाले, फेसबुकवर पान असताना वेगळ्या वेबसाइटचा खटाटोप कशाला? माझं मत पक्कं आहे. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस २०१९ मध्ये. ऑर्कुटवर भटक्या मंडळींचे किती फोटो, किती चर्चा होत्या! ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नाही त्यांचं गेलं. दुसऱ्याच्या जागेत मांडलेलं काम त्याच्या मर्जीवर असतं, आणि तिथे आज टाकलेलं उद्या खाली जातं. स्वतःच्या पत्त्यावर ठेवलेलं पान दोन वर्षांनीही शोधणाऱ्याला सापडतं. नोकरी देणाराही आधी नाव टाकून शोधतो. तेव्हा त्याला बायोडेटातल्या विशेषणांऐवजी केलेलं काम दिसलं तर बरं.

५ ऑक्टोबर, रविवार

नाणेघाट. लवकर निघाले म्हणून गर्दीच्या आधी पोचले. सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखाची गुहा सगळे पाहतात, जवळची टाकी फार थोडे. एका टाक्याचं तोंड मोजलं. काठावर छिन्नीचे तिरपे घाव अजून स्पष्ट आहेत, बोट फिरवलं की लागतात. खोलीसाठी गाठी मारलेली दोरी आणि तिच्या टोकाला दगड. तळाशी गाळ असतो, म्हणून दोरी सांगते ती गाळापर्यंतची खोली, खडकापर्यंतची नव्हे. हे नोंदीत लिहिलंच पाहिजे. माप कुठून कुठपर्यंत, कोणत्या महिन्यात, पाणी काठाच्या किती खाली. एवढं असेल तरच दुसरा माणूस येऊन तेच माप पडताळू शकतो.

चांगला बग रिपोर्ट असाच असतो: कोणता फोन, कोणती आवृत्ती, काय केल्यावर काय घडलं. माझे रिपोर्ट डेव्हलपर परत पाठवत नाहीत, त्याचं श्रेय मी या टाक्यांना देते.

परतताना जुन्नरजवळच्या मानमोडीच्या लेण्यांखालून आले. तिथल्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाकं दान दिल्याची नोंद आहे, वर्ष ४६ असं घालून. मंत्र्याने पाण्याची सोय केली आणि ती नावानिशी, वर्षानिशी दगडात कोरून ठेवली. चावंड किल्ल्यावरची सात टाकी पुढच्या खेपेला.

रात्री एका अनोळखी गृहस्थांची ईमेल आली. पाणीपुरवठ्यात काम करणारे इंजिनियर आहेत, हडसर किल्ल्यावरच्या टाक्यांची मापं वापरू का म्हणून विचारतात. आनंदाने हो कळवलं. अशी ओळख ऑफिसच्या चार भिंतींत कधी झाली नसती.

१२ ऑक्टोबर, रविवार

दामोदर धर्मानंद कोसंबींबद्दल वाचते आहे. मूळ माणूस गणिती; फर्ग्युसनमध्ये शिकवलं, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. संख्याशास्त्र शिकता यावं म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलायला घेतली. हातोहात फिरताना नाणं झिजतं, वजन घटतं. शेकडो नाण्यांची वजनं मांडली की ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. नाण्यांवरून ते इतिहासाकडे वळले आणि आज पुष्कळ लोक त्यांना इतिहासकार म्हणूनच ओळखतात. त्यांची बरोबरी करायचा प्रश्नच नाही. पण छंद म्हणजे कामातून चोरलेला वेळ, असं म्हणणाऱ्यांना मी आता हे उदाहरण देते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादा आला, बरोबर भाची. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष. ओवाळणी, जेवण झालं आणि ती माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, बायोडेटात सगळ्यांचं सारखंच असतं गं. मी वेगळं काय लिहू?"

तिला शहरातल्या जुन्या झाडांचा नाद आहे. वही भरून टिपणं आहेत: कुठली गोरखचिंच कुठे, कुठल्या वडाच्या पारंब्या कुणी छाटल्या. म्हटलं, ही वही वेबसाइटवर आण. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, वर्षाचं भाडं फार नसतं, आणि साध्या पानांना फुकट जागा देणाऱ्या सेवा आहेत. फोनवरचा फोटो कित्येक एमबीचा असतो, तो लहान करून टाकायचा, नाहीतर गावाकडच्या नेटवर पान उघडत नाही. ही एवढी गोष्ट स्वतः केलीस की मुलाखतीत त्याबद्दल बोलताना पाठांतर लागणार नाही.

दादाने विचारलं, "नोकरी लागल्यावर कंपनी चालवून घेईल का?" रास्त शंका आहे. नियुक्तीपत्रात बाहेरच्या कामाबद्दल कलम असतं, ते सही करण्याआधी वाचावं आणि गरज वाटली तर लेखी विचारून घ्यावं. ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसची वेळ वापरू नये. क्लायंटचं नाव कधीच घेऊ नये. जाहिराती लावून पैसे मिळवायचे असतील तर प्रश्न वेगळा होतो; मी लावत नाही. आणि जो विषय केवळ नोकरीसाठी म्हणून निवडला, तो दोन महिन्यांत सुटतो. झाडं तुला खरोखर आवडतात, म्हणून तू टिकशील.

"मग नाव काय ठेवू वेबसाइटचं?"

नावाचं नंतर बघू गं. आधी एका झाडाचं पान पूर्ण लिही: जागा, खोडाचा घेर, तारीख, फोटो. अशी दहा पानं झाली की मला दाखव.