नातवाचं क्रिएटिनिन

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमची चौथी पिढी. मी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मलखांब केलेला. नातू मात्र जिमवाला, वय 26, वजन 94 किलो. रिपोर्टात क्रिएटिनिन 1.5, ईजीएफआर 65. घरात रडारड!

बँकेत जन्म गेला, एका आकड्यावरून खातं बुडीत ठरवत नाही आम्ही. क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं. पिळदार अंग, क्रिएटिनची पावडर, आदल्या दिवशीचा जड व्यायाम, या तिन्हींनी ते वाढलेलं दिसतं; आणि ईजीएफआर म्हणजे त्याच आकड्यावरून मांडलेलं गणित. डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावून सिस्टॅटिन-सी केली (तिच्यावर स्नायूंचा परिणाम कमी), लघवीतलं अल्ब्युमिनही पाहिलं. दोन्ही नॉर्मल.

पण बीपी 150/96! "आजोबा, दंड जाड आहे, पट्टा लहान पडला," इति नातू. खोटं नव्हतं ते, लहान पट्टा आकडा फुगवतो. मोठा पट्टा लावला, पाच मिनिटं शांत बसवलं, तरी 144/92. घरी आठवडाभर मीच वहीत नोंदी केल्या, तेच. हे काही स्नायूंच्या नावावर खपत नाही, आणि किडनीला खरा धोका याचाच.

वही बघून डॉक्टरांनी त्याला विचारलं, "इंजेक्शनं घेतोस का काही?" तो माझ्याकडे बघून गप्प. मग मला बाहेर बसायला सांगितलं.