एका मात्रेचा प्रश्न

स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. मी इतिहासाचा शिक्षक. यंत्राच्या अंतरंगात मला फारशी गती नाही. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या एका संगणक संशोधनाचा संबंध आपल्या वसतिगृहातील मुलांच्या नावांशी आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

1988 साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा सांभाळणारे डॉ. विजय भटकर आपल्याच अकोला जिल्ह्यातील, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावचे. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर या संस्थेने 1991 साली 'परम 8000' सिद्ध केला. अनेक लहान प्रक्रियक एकाच वेळी कामाला लावून मोठे गणित सोडवायचे, हे त्यामागील तत्त्व. 'परम'चा गौरव सर्वत्र झाला आणि तो योग्यच होता. पण त्याच संस्थेत आणखी एक काम चालू होते. त्याची चर्चा कमी झाली. ते काम होते संगणकाला आपल्या लिपी शिकवण्याचे.

या कामाचा आरंभ कानपूरच्या आयआयटीत झाला होता. तेथे मोहन तांबे यांनी केलेले काम पुढे 'जिस्ट' या नावाने पुण्यात वाढले. प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. मराठी टंकलेखन यंत्रावर 'शिका' हा शब्द उमटवताना आधी वेलांटी मारावी लागे आणि मग 'श'. यंत्राला फक्त आकार कळत. उच्चाराशी त्याला कर्तव्य नव्हते. संगणकावर आलेले अनेक सुरुवातीचे मराठी टंकही याच पद्धतीचे होते. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे.

संशोधकांनी विचाराची दिशा बदलली. संगणकाने आकार साठवायचा नाही, तर अक्षर साठवायचे. तेही आपण उच्चारतो त्या क्रमाने. आधी 'श', मग वेलांटी. वेलांटी कोठे काढायची, जोडाक्षर कसे बांधायचे, हे यंत्राने नियमांवरून ठरवायचे. यातून 'इस्की' ही संकेतप्रणाली आकाराला आली आणि 1991 साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिच्यात देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड अशा लिपींतील 'क' ला एकच क्रमांक आहे. पुढे जागतिक पातळीवरील युनिकोडमध्ये या लिपींना स्वतंत्र जागा मिळाली. अक्षरांची मांडणी मात्र इस्कीवरूनच घेतली गेली. आज आपण मोबाईलवर मराठी लिहितो ते त्याच पायावर.

इतक्या निरनिराळ्या दिसणाऱ्या लिपी एका सूत्रात कशा बसल्या? याचे उत्तर इतिहासात आहे. या साऱ्या ब्राह्मीच्या लेकी. सम्राट अशोकाने ज्या लिपीत आपले बहुतेक धम्मलेख कोरविले, जिचा तुकडा आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे सापडला आणि जी 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने वाचली, तीच ही ब्राह्मी. अशोकाने लेखांसाठी लोकांची प्राकृत भाषा निवडली, कारण ते लोकांपर्यंत पोहोचावेत अशी त्याची इच्छा होती. ज्यांच्या पूर्वजांना पुढे शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आता वसतिगृहातील गोष्ट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे आडनाव वानखडे. एका कार्यालयात विद्यार्थ्यांची यादी संगणकावर रोमन लिपीत तयार झाली, आणि तिच्यावरून कागद पुन्हा मराठीत उतरवताना त्याचा 'वानखेडे' झाला. वऱ्हाडात ही दोन वेगळी आडनावे आहेत. दाखल्यावर एक, यादीत दुसरे, शिष्यवृत्ती अडली. त्याचे वडील शेतमजूर. रोजी बुडवून ते तीनदा अकोल्याला आले, मुद्रांकाचा कागद घेतला, प्रतिज्ञापत्र केले. तिसऱ्या खेपेला माझ्याजवळ बसून ते म्हणाले, ''सर, आडनाव आमचं. मंग ते आमचंच हाये, हे आमालेच काऊन सांगा लागते?''

माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिष्यवृत्ती मिळाली, पण वर्ष सरत आल्यावर. तोपर्यंत मुलाने दोनदा शाळा सोडण्याची भाषा केली होती.

पुढे इस्कीविषयी वाचले तेव्हा या प्रसंगाची तारीख मनात पुन्हा तपासली. देवनागरीतील नाव मात्रेसकट जसेच्या तसे साठवण्याची विद्या तेव्हा सिद्ध होऊन कित्येक वर्षे लोटली होती. पुण्यात सुटलेला प्रश्न अकोल्यातील एका टेबलापर्यंत आलाच नव्हता. संशोधन पूर्ण होणे आणि ते शेवटच्या माणसाच्या हाती पडणे यांत अंतर असते. ते अंतर यंत्र कापत नाही. माणसांना कापावे लागते. राष्ट्राला महासंगणक नाकारला गेला तेव्हा त्याला अन्याय म्हटले गेले, संस्था उभी राहिली, निधी मिळाला. मजुराच्या मुलाचे नाव चुकले तेव्हा त्याला केवळ लेखनिकाची चूक म्हटले गेले.

आज आपल्या शाळेत संगणक कक्ष आहे. नव्या मुलांना तेथे नेतो तेव्हा मी त्यांना प्रथम स्वतःचे नाव मराठीत लिहायला सांगतो. मात्रा, वेलांटी, अनुस्वार तपासून घेतो. या शाळेतून उद्या संशोधक निघावेत ही इच्छा आहेच. पण त्यांच्यातील काही जण कार्यालयांतील टेबलांमागेही बसतील. समोर आलेल्या माणसाचे आडनाव त्यांनी त्यालाच विचारून लिहावे, एवढे जरी ते येथून शिकून गेले तरी या संस्थेचे श्रम सार्थकी लागले, असे मी मानीन.