गडावरचे टाके

गेल्या पौर्णिमेची गोष्ट. देवळाच्या सभामंडपात कीर्तनास अजून अवकाश होता. शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला विचारले, “वकीलसाहेब, आपल्या देशाचे इंटरनेट आपल्याच हाती असावे, परक्याच्या हाती आपली नाडी नसावी, यात गैर ते काय?” मी तत्काळ उत्तरलो, “काहीच नाही. गडावर पाण्याचे टाके हवेच!” इतक्यात बुवा उभे राहिले आणि विषय तेथेच राहिला. माझ्या मनातून मात्र तो जाईना.

इराणने असे टाके खोदले आहे. तेथील ‘राष्ट्रीय माहिती जाळ्या’चा पहिला टप्पा २०१६ साली सुरू झाला. देशातली देवघेव देशातल्याच यंत्रांवरून चालावी, हा त्याचा सांगितलेला हेतू. आणि तो वरकरणी निर्दोषच. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे पेट्रोलचे दर एकाएकी वाढले, लोक रस्त्यावर उतरले, आणि सरकारने बाहेरच्या जगाशी जोडणारे इंटरनेट सुमारे आठवडाभर जवळजवळ संपूर्ण तोडले. आतल्या जाळ्यावर बँकांसारख्या अनेक सेवा मात्र चालू राहिल्या. त्या दिवसांत किमान ३०४ माणसे मारली गेली, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने पुढे नोंदविले.

यातली मेख मला उशिराच उमगली. सारेच इंटरनेट बंद करणाऱ्या सरकारला स्वतःलाही चटका बसतो. व्यापार थांबतो, कचेऱ्या अडतात. कायदा मूक असेल तेथेही हा चटका सत्तेचा हात थोडा आवरतो. घरचे जाळे तो चटकाच सौम्य करते. टाके शत्रूच्या वेढ्यासाठी खोदावे. पण किल्लेदारच आपल्या माणसांवर दरवाजा बंद करू लागला, तर तेच पाणी त्याला तो अधिक दिवस बंद ठेवण्याचे बळ देते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी, काश्मीरच्या प्रकरणात, इंटरनेट अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही आणि तसे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, असा निर्णय दिला. त्याचे मोल मला आता अधिक कळते. दरवाजा कोणी, किती दिवस आणि कोणत्या कारणासाठी लावला, हे विचारण्याचा अधिकार आत राहणाऱ्यांस हवा.

तेव्हा सभामंडपात दिलेले माझे उत्तर अपुरे होते, हे येथे मान्य करतो. टाके अवश्य असावे. परंतु त्याची खोली मोजण्याआधी दरवाजाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, ते पाहावे. पुढच्या पौर्णिमेस कीर्तनापूर्वी त्या गृहस्थांना मी एवढेच सांगणार आहे.