भरडा आणि उकिरडा

आमचं हिवरा आश्रम बाहेरच्यांना माहीत आहे ते विवेकानंद जयंतीच्या पंगतीमुळे. शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम, पुरी आणि वांग्याची भाजी, लाखांची पंगत आणि वाढायला ट्रॅक्टर. अशा गावचा माणूस कोंबड्यांच्या खाण्यावर लिहायला बसला तर काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू देत. मागच्या गल्ल्यांत खुराडी आहेतच, आणि कृषी पदविका झाल्यापासून मी बचत गटांच्या बायकांना परसातल्या कोंबड्यांविषयी सांगत फिरतो आहे.

त्या बोलण्यात माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: मक्याचा भरडा म्हणजे कोंबड्यांचं फरसाण. बाया हसायच्या, मुद्दा डोक्यात बसायचा. ते वाक्य मी आता म्हणत नाही.

त्यामागचा हिशेब काही खोटा नव्हता. मक्यात प्रथिनं ८ ते ९ टक्के. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या खाद्यात ती १६ ते १८ टक्के लागतात. त्यातही लायसिन आणि मिथिओनिन या दोन अमिनो आम्लांत मका तोकडा पडतो. कॅल्शियमचं तर विचारूच नका. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि १०० ग्रॅम मक्यात ५० मिलिग्रॅमही भरत नाही. कमी पडलेलं कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. तेही सरत आलं की कवच पातळ होतं, मग बिनकवचाचं लिबलिबीत अंडं, मग अंडंच बंद. मक्यात भरपूर आहे ती ऊर्जा, किलोमागे ३,३०० किलोकॅलरींच्या आसपास. शिवाय बलक पिवळा करणारं रंगद्रव्य. गावरान अंड्याच्या पिवळ्याधमक बलकावर भाळणाऱ्यांना सांगतो, रंग म्हणजे प्रथिनं नव्हेत. पांढऱ्या ज्वारीवरच्या कोंबडीचा बलक फिका असतो, एवढंच.

हे सगळं मी एका बैठकीत सांगत होतो. मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "भाऊ, दिवसभर उकिरड्यावर त्या काय खातात थे पाह्यलं का तुम्ही कधी?"

नव्हतं पाहिलं. मी पाहिला होता तो तक्ता.

त्या वर्षी आखाडात घरचा एक कोंबडा कापला, तेव्हा त्याच्या गळ्याखालची थैली मुद्दाम बशीत रिकामी केली. वाळवी होती, पंख आणि डोकी वेगवेगळी झालेली. एका भुंगेऱ्याचं टणक काळं कवच, गवताची चिरडलेली पाती, शिजलेल्या भाताची शितं, सोयाबीनची एक फाकळी, बारीक खडे. भरडा नव्हताच, कारण तो संध्याकाळी टाकायचा होता. थैलीतल्या त्या ओल्या गोळ्यात प्रथिनं माझ्या तक्त्यातल्या खाद्यापेक्षा कमी असतील असं वाटेना. त्या कोंबड्याला कमी होती ती ऊर्जा. दिवसभर उकरायला, पळायला आणि रात्रभर पावसात अंग ऊबदार ठेवायला ती लागतेच. ३० ग्रॅमची मूठ टाकली की शंभर किलोकॅलरी तिथेच मिळतात. म्हणजे फरसाण म्हणून मी ज्याची टिंगल करत होतो, तो त्या ताटातला भात-भाकरीचा वाटा निघाला.

तक्त्याचं दुसरंही एक आहे, आणि ते मला आधीच सुचायला हवं होतं. १७ टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम हा हिशेब पिंजऱ्यातल्या, वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या कोंबडीचा. समोरच्या पन्हाळीत पडेल तेवढंच तिचं जग. आमची गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मधे खुडूक बसते, पिल्लं फिरवते. तिला तीच मोजपट्टी लावून मी बायकांना पोत्याचं तयार खाद्य घ्यायला सांगत होतो. ते घेतलं तर अंड्याच्या पैशात काय उरतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पण मे महिन्यात पाहुण्यांसाठी कापलेल्या कोंबड्याच्या थैलीत निघालं ते भरडा, काडीकचरा आणि खडे. उकिरडा वाळलेला, किडा नाही, हिरवं नाही. उन्हात कोंबड्या खातातही कमी. अशा वेळी नुसता भरडा टाकत राहिलं तर माझा जुना तक्ता शब्दशः खरा ठरतो. त्यामुळे मक्याची किंमत मी आता महिना पाहून करतो. मृगापासून दिवाळीपर्यंत संध्याकाळी मूठभर भरडा पुरे. त्याच्या ओढीने कोंबड्या वेळेवर घरी येतात आणि मुंगसाच्या तोंडी जात नाहीत, हा वरचा नफा. उन्हाळ्यात मात्र तीन किलो भरड्यात एक किलो सोयापेंड मिसळायची, म्हणजे प्रथिनं १८ टक्क्यांच्या घरात जातात, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा.

आमचा मेहकर तालुका सोयाबीनचा. त्यामुळे पेंड कशाला, घरचं सोयाबीनच मक्याबरोबर भरडून आणू, असं कुणी ना कुणी म्हणतंच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. भाजल्यावर तो मोडतो. न भाजता घालू नका.

पिल्लांच्या बाबतीत माझं मत तसूभरही हललेलं नाही. पहिले दोन महिने त्यांना २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत, आणि ती वाळवी खणून काढायला त्यांचे पाय अजून तयार नसतात. नुसत्या भरड्यावरची पिल्लं खुरटतात, पिसं धड फुटत नाहीत, आणि तलंगा अंड्यावर यायला उशीर होतो. उलट मोठ्या कोंबडीला मका भरडून द्यायचीही तशी गरज नाही; खडे मिळाले तर अख्खा दाणा ती पोटात दळते. दाणा फुटला की अंकुरातलं तेल उघडं पडतं, खवट होतं आणि बुरशी लवकर धरते. पावसाळ्यात ओल्या पोत्यातल्या भरड्याला गाठी झाल्या, आंबूस वास आला, तर तो चाळून वापरायचा नाही, फेकायचा. अफ्लाटॉक्सिन चाळणीत अडकत नाही, ते यकृत खातं.

त्या काकूंनी यंदा अंगणात पेव्हर ब्लॉक टाकले आणि उकिरडा गावाबाहेर हलवला. कोंबड्या आहेत तेवढ्याच. भरडा किती टाकू, असं त्या परवा विचारत होत्या. मी त्यांना पेंडीचा भाव सांगितला.